भर चौकातली चोरी: जुगाराच्या कायद्याला पोरगं का दिसत नाही?

नगर जिल्ह्यातला (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण इथे बोलीतलं 'नगर'च वापरलं आहे) कुठलाही स्थानिक पेपर उघडा, थोड्या थोड्या दिवसांनी जुगाराच्या छाप्याची बातमी सापडतेच. बातमीचा साचा ठरलेला. अमुक हॉटेलच्या पाठीमागे काटवनाच्या आडोशाला तिरट नावाचा हारजितीचा जुगार चालू होता, पत्ते, रोख रक्कम, मोबाइल आणि मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त, जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा दाखल. 'तिरट'च्या जागी कधी 'कल्याण मटका' येतो, कधी 'बिंगो', कधी 'सोरट'. बाकी मजकूर तोच.

या साच्यात तीन गोष्टी हमखास असतात: जागा, साधनं आणि रक्कम. खेळणारा कोण होता, तिथवर कसा पोचला, हा चौथा मुद्दा आरोपीच्या नावापुढच्या 'वय' या एका शब्दात संपतो. आणि खेळणारा अठराच्या आतला असेल तर तेवढंही उरत नाही. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांनुसार, गंभीर स्वरूपाचा गुन्हा नसेल किंवा मोठ्या माणसांच्या सोबतीनं केलेला नसेल, तर अल्पवयीन मुलावर एफआयआर नोंदवत नाहीत. पोलीस डायरीत नोंद होते, पालकांना बोलावलं जातं. हे मुलाच्या भल्याचंच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकासाठी त्याचा परिणाम असा, की जुगार खेळणारा पंधरा वर्षांचा मुलगा कागदावर उमटतच नाही.

या पोस्टमध्ये मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्याकडच्या जुगाराच्या कायद्यानं गेली दीडशे वर्षं तीन प्रश्न विचारले: कुठे खेळला? कशानं खेळला? नशिबानं जिंकला की कौशल्यानं? 'कोण खेळला?' हा प्रश्न कायद्यानं क्वचित विचारला. एकदा विचारला होता, तोही नंतर गळून गेला. आज किशोरवयीन मुलांच्या जुगाराबद्दल आपण जे हतबल होतो, त्याचं एक मूळ या इतिहासात आहे.

नेवासे आणि सराळे

सुरुवात जरा लांबून करू, पण जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. मराठीतल्या दोन अगदी जुन्या, अगदी मोठ्या ग्रंथांचा नगर जिल्ह्याशी संबंध आहे आणि दोन्हींत जुगार आहे.

पहिला 'लीळाचरित्र'. तो लिहिणारे म्हाइंभट हे सराळ्याचे, म्हणजे याच भागातले. चक्रधरस्वामींचा मुक्काम ज्या डोमेग्रामला होता ते आजच्या श्रीरामपूर तालुक्यात, गोदाकाठी. लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्याची कथा येते. तेव्हा ते गुजरातेतल्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव होते. तरुण, लग्न झालेले, घरी काही कमी नाही. त्यांना द्यूताचा नाद लागला. एकदा मोठी रक्कम हरले आणि ती भागवायला बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिनं दिले नाहीत. रक्कम अखेर वडिलांनी भरली, पण हरिपाळदेवांचं मन संसारातून उडालं ते उडालंच.

कथेचा पुढचा भाग वैराग्याचा आहे आणि तो पंथाच्या दृष्टीनं महत्त्वाचा. मला मात्र आधीच्या भागात रस आहे. द्यूत कुठल्या घरात चाललं, फासे कसले होते, यावर कथा थांबत नाही. ती घरात येते. देणं झालेला तरुण, दागिने न देणारी बायको, गुपचूप पैसे भरणारा बाप. आज नगरच्या कुठल्याही गल्लीत ही तीन माणसं सापडतील.

दुसरा ग्रंथ 'ज्ञानेश्वरी', नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सांगितलेला. गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण आपल्या विभूती मोजतो, त्यात छळणाऱ्यांमधलं द्यूत मी, असं म्हणतो. त्यावर ज्ञानेश्वर जे सांगतात त्याचा आशय असा: जुगारात भर चौकात चोरी होते, पण ती कुणाला अडवता येत नाही. सातशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आहे. लुटला जाणारा स्वतःच्या हातानं देतो, सगळ्यांदेखत देतो, म्हणून चोर धरता येत नाही. कायद्याची पुढची सगळी धडपड याच अडचणीतून निघालेली आहे.

परंपरेनं यावर एक तोडगा काढला होता, तोही पाहण्यासारखा आहे. दिवाळीच्या पाडव्याला 'द्यूतप्रतिपदा' असंही नाव आहे. शंकर-पार्वतीच्या सारीपाटाची कथा तिला जोडलेली. त्या दिवशी द्यूत खेळायला धर्मग्रंथांनीच मुभा दिली. मुभा होती, पण वर्षातून एक दिवस, सणाच्या घरात, थोरामोठ्यांसमोर. या प्रथेनं मुलांना जुगार शिकवला असंही म्हणता येईल, आणि तसं म्हणणारे आहेतच. पण तिथे खेळणाऱ्यावर कुणाची तरी नजर होती.

कापूस, पाऊस आणि पन्हळ

आता एकोणिसावं शतक. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. कंपन्या निघाल्या, शेअर्सवर सट्टा सुरू झाला. युद्ध संपलं आणि १८६५ च्या उन्हाळ्यात सगळा डोलारा कोसळला. त्याच वर्षी मुंबई सरकारनं पैजेसंबंधी कायदा केला: पैजेतून आलेलं देणं आणि पैजेला जोडून केलेले करार कोर्टात वसूल होणार नाहीत. १८७२ च्या करार कायद्यानंही कलम ३० मध्ये पैजेचा करार रद्दबातल ठरवला. नगर-पुण्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला या तेजीची दुसरी बाजू आली. भाव पडले, सारा वाढलेला राहिला, सावकाराचं कर्ज साठलं आणि १८७५ मध्ये सुप्याला सुरू झालेला उठाव पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला.

फौजदारी बाजू १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात आली. हाच कायदा, दुरुस्त्या होत होत, आजच्या छाप्याच्या बातमीतला कायदा आहे. त्याचा कणा म्हणजे 'जुगाराचं घर' आणि 'जुगाराची साधनं'. साधनं ठेवून नफ्यासाठी चालवलेली जागा धरायची, ती चालवणारा धरायचा, तिथे सापडलेले धरायचे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी खेळणाऱ्यांसाठी वेगळं कलम. छाप्यात साधनं मिळाली तर ती जागा जुगाराची आहे असंच धरून चालायचं. पोलिसांना हे सोयीचं होतं, कारण जागा दाखवता येते आणि फासे जप्त करता येतात. खेळणाऱ्याचं मन कसं जप्त करणार?

पण दोनच वर्षांत कायद्याची दमछाक झाली. मुंबईत तेव्हा पावसावर सट्टा चालायचा. ठरलेल्या वेळेत छपरावरच्या पन्हळीतून पाणी बाहेर पडेल की नाही, यावर पैसे लागायचे. १८८९ मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा प्रश्न आला, की पन्हळ हे 'जुगाराचं साधन' कसं? पावसावरची पैज त्या कायद्यात बसत नाही, असं कोर्टानं म्हटलं. १८९० मध्ये सरकारला दुरुस्ती करून पावसावरचा सट्टा कायद्याच्या व्याख्येत घालावा लागला.

ही गोष्ट वाचताना हसू येतं. पण नगर जिल्हा पर्जन्यछायेत आहे. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० अशा एकामागून एक दुष्काळांत होरपळलेला. मुंबईत ज्या पावसावर पैसे लागत होते, त्याच पावसावर इथे पेरणी लागत होती. 'शेती म्हणजे मान्सूनचा जुगार' हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्याचा मुलांच्या कानावर काय परिणाम होतो हे लक्षातही येत नाही. त्याकडे पुन्हा येऊ.

जागेचा हट्ट किती टोकाला जाऊ शकतो याचं उदाहरण घोड्यांच्या शर्यतीचं. पुढे कायद्यातून या शर्यतीवरची पैज वगळली गेली, अट अशी की ती परवानाधारकानं आखून दिलेल्या आवारात लागली पाहिजे. घोडा तोच, पैसा तोच, लावणारा तोच. कुंपणाच्या आत शौक, कुंपणाच्या बाहेर गुन्हा.

१९४८: एकाच वर्षी दोन कायदे

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, मुंबई राज्याच्या विधिमंडळानं दोन कायदे केले. ते सहसा शेजारी ठेवून वाचले जात नाहीत, पण वाचायला हवेत.

एक होता लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा. तेव्हा शब्दकोड्यांच्या स्पर्धांचं पेव फुटलं होतं. प्रवेश फी भरायची, कोडं सोडवून पाठवायचं, बक्षीस हजारोंचं. हा कायदा पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गाजला.

दुसरा होता मुंबई बालक अधिनियम, १९४८. अनाथ, भटक्या, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठीचा. त्यात मुलांविरुद्धच्या खास गुन्ह्यांची एक यादी होती: मुलाशी क्रूरपणा, त्याला भीक मागायला लावणं, दारू देणं, दारूच्या दुकानात शिरू देणं. त्याच यादीत एक गुन्हा होता मुलाला पैज लावायला किंवा कर्ज काढायला चिथावणं.

या कलमाचं मूळ इंग्लंडमधल्या १८९२ च्या कायद्यात आहे. तिथे अल्पवयीनांना पैज लावा, कर्ज घ्या अशी आमंत्रणं देणारी पत्रकं पाठवली जात आणि ते बंद करण्यासाठी तो कायदा झाला होता. मला यातली जोडी महत्त्वाची वाटते: पैज आणि कर्ज. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की मुलाकडे स्वतःचा पैसा नसतो. त्याला जुगारात ओढायचं तर आधी उधारी द्यावी लागते, आणि उधारी फेडायला तो पुन्हा जुगाराकडे येतो. शिवाय इथे गुन्हेगार मूल नव्हतं, चिथावणारा होता. जागा, साधन, नशीब-कौशल्य यांतला एकही प्रश्न या कलमात नाही. प्रश्न एकच: समोरचा मूल होता का?

पुढे काय झालं? १९८६ मध्ये देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा आला आणि राज्यांचे असे कायदे मागे पडले. क्रूरपणा, भीक, दारू, शोषण हे गुन्हे नव्या कायद्यात आले. पैज आणि कर्जाचं कलम आलं नाही. २००० च्या कायद्यात नाही, २०१५ च्या कायद्यातही नाही. त्यावर गदारोळ झाला नाही, कारण ते कलम तेव्हा कुणाला जुनाट वाटलं असतं. १९८६ मध्ये पोराला पत्रक पाठवून जुगाराला कोण बोलावत होतं?

कापसाचा आकडा, मडक्यातला आकडा

तोवर जुगाराचं रूप मटक्यानं व्यापलं होतं. मटक्याचा जन्म कापसातूनच झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले सुरुवातीचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. हा 'आकडा'. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा आकडाच काढायची युक्ती निघाली: चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि उचलायच्या. कच्छहून आलेले कल्याणजी भगत आणि फाळणीनंतर कराचीहून आलेले रतन खत्री ही यातली दोन मोठी नावं. मडकं जाऊन पत्ते आले तरी नाव मटकाच राहिलं. अमेरिकेच्या ज्या कापसानं १८६५ चा सट्टा पेटवला, त्याचा शंभर वर्षांनी नुसता आकडा उरला. कापूसही नाही, भावही नाही.

खेळ समजायला सोपा, हेच त्याचं बळ. तीन पत्ते काढायचे, समजा २, ५ आणि ८. बेरीज १५, शेवटचा अंक ५. हा झाला 'ओपन'. रात्री पुन्हा तसंच केलं की 'क्लोज'. दोन्ही मिळून 'जोडी'. एका अंकावर लागलेल्या रुपयाला साधारण नऊ रुपये, जोडीला नव्वद. आता हिशेब करा. अंक दहा आहेत आणि मिळतात नऊ पट. जोड्या शंभर आहेत आणि मिळतात नव्वद पट. म्हणजे सगळे आकडे सारखेच लागले तरी चालवणाऱ्याच्या हातात दर शंभरातले दहा राहणारच. यात फसवणूक करायचीही गरज नाही. भर चौकातली चोरी ती हीच.

मुंबईच्या गिरणगावात मटका वाढला, आणि त्या गिरण्यांत, गोद्यांत, बाजारात घाटावरची माणसं होती. पारनेर, अकोले, संगमनेरची कित्येक घरं तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक कुटुंबं गावी परतली. मटक्याला मात्र माणसांच्या येण्याजाण्याची गरज उरली नव्हती. निकालाचा आकडा फोनवरून तालुक्याच्या गावात पोचायचा. म्हणून कायद्यालाही वाकावं लागलं: जुगाराला मदत होईल अशी माहिती छापणारे, वाटणारे यांना पकडायची तरतूद जुन्या कायद्यात जोडली गेली. राज्य सरकारनं १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी सुरू केली, त्यामागेही लोकांना मटक्यापासून वळवण्याची भूमिका होती. म्हणजे जागा आणि साधन सरकारी झालं की तेच सोज्वळ.

या सगळ्यात पोरगं कुठे होतं? टपरीवर. चिठ्ठी पोचवायला, 'काय आला रे?' म्हणून आकडा विचारून यायला मोठ्यांनी धाडलेलं. अनेकांचा मटक्याशी पहिला संबंध असाच आला. त्यामुळे जुने दिवस चांगले होते असा गळा काढण्यात अर्थ नाही. पण त्या टपरीची एक गोष्ट नोंदवायला हवी. चिठ्ठी घेणारा गावातलाच असायचा आणि पोरगं कुणाचं हे त्याला माहीत असायचं. खेळायला रोख पैसा लागायचा आणि तो मिळवायला घरातून चोरावा लागायचा, म्हणजे कधीतरी सापडणं आलंच. शाळेचे गुरुजी, चुलता, शेजारची बाई यांच्यापैकी कुणी ना कुणी त्याला तिथे उभं असलेलं पाहायचं. कायदा 'कोण?' विचारत नव्हता, पण गाव विचारत होतं: 'तू कुणाचा रे?'

कौशल्याची पळवाट

तिसरा प्रश्न, नशीब की कौशल्य, हा १८८७ च्या कायद्यातच होता. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो कायदा लागू नाही. १९५७ मध्ये शब्दकोड्यांच्या खटल्यात (मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला) सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जुगार हा व्यापार नाही, त्याला व्यवसाय-स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. निकालात ऋग्वेदापासून महाभारतापर्यंतचे दाखले आहेत. १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. प्रकरण एका क्लबमधलं होतं, खेळणारे प्रौढ सभासद. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं ड्रीम इलेव्हनसारखा फँटसी क्रिकेटचा खेळही कौशल्याचाच मानला.

कायद्याच्या भाषेत या प्रत्येक निकालाला तर्क आहे. रमीत डोकं लागतं हे कोण नाकारेल? अडचण वेगळी आहे. क्लबमधल्या चाळीस वर्षांच्या सभासदासाठी घासून घासून तयार केलेला प्रश्न नववीतल्या मुलाच्या हातातल्या फोनला लावला गेला. उलट 'यात कौशल्य आहे' हे वाक्य त्या वयाला सगळ्यात घातक. मटक्यात हरलेला म्हणतो, नशीब फुटकं. कौशल्याच्या खेळात हरलेला म्हणतो, मी कमी पडलो, अजून शिकलो की जिंकेन. सोळाव्या वर्षी हे वाक्य स्वतःला पटवायला वेळ लागत नाही. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हरल्यासारखा कमी आणि जिंकत आल्यासारखा जास्त वाटतो, आणि बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की माणूस जास्त वेळ चिकटून राहतो. मानसशास्त्रात हे जुनंच ज्ञान आहे. अॅप बनवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे.

खिशात आलेला चौक

२०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या: मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि यूपीआय आलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तिसरी घडली. शाळा फोनवर आली आणि ज्या घरात एकच साधा फोन होता तिथेही शिक्षणासाठी म्हणून स्मार्टफोन घ्यावा लागला. कित्येकांनी तो उधारीवर घेतला. शाळा पुन्हा वर्गात गेली, फोन मुलाकडे राहिला.

आता जुन्या तीन प्रश्नांकडे बघा. कुठे खेळला? आईच्या शेजारी, अंथरुणात. कशानं? अभ्यासाच्याच फोननं. नशीब की कौशल्य? कंपनी म्हणते कौशल्य. वय? 'मी अठरा वर्षांचा आहे' या चौकोनावर टिचकी मारली की झालं. आणि खातं आईचं किंवा मोठ्या भावाचं. काटवनातला छापा इथे कुणावर टाकणार?

गावाचं 'तू कुणाचा रे?' हेही इथे पोचत नाही. रोख पैसा हाताळावा लागत नाही, त्यामुळे चोरी चोरीसारखी वाटत नाही. आणि १९४८ च्या कलमातली ती जोडी परत आली आहे. एका बाजूला खेळाचं अॅप, दुसऱ्या बाजूला झटपट कर्जाचं अॅप किंवा कॉलेजच्या गेटवरचा व्याजानं देणारा. इंग्लंडमध्ये १८९२ साली जी पत्रकं पाठवायला बंदी झाली, ती आता सूचनेच्या आवाजासकट मुलाच्या खिशात येतात, कधी एखाद्या क्रिकेटपटूच्या चेहऱ्यासह.

नगरमध्ये यात आणखी एक पदर आहे. हा कांद्याचा जिल्हा. घोडेगाव, पारनेर, नगरच्या बाजारात भाव कसा हलतो हे इथल्या पोरांना पुस्तकात शिकवावं लागत नाही. बापानं चार महिने राबून आणलेला माल लिलावात एका मिनिटात मातीमोल होताना त्यांनी पाहिलेला असतो. 'शेती म्हणजे जुगार' हे वाक्य अशा घरात रोज बोललं जातं. मग मुलगा मनात म्हणतो, जुगारच आहे तर राबायचं कशाला? यात एक मोठी चूक दडलेली आहे. शेतीत धोका आहे, पण शेवटी कांदा पिकतो, कुणाच्या तरी ताटात जातो, आणि सगळे शेतकरी मिळून हरलेच पाहिजेत असा त्यात नियम नाही. जुगारात खेळणाऱ्यांची बेरीज उणेच असावी हा नियमच आहे, नाहीतर चालवणाऱ्याचं घर चालणार नाही. धोका आणि जुगार यांतला हा फरक नवव्या-दहाव्या इयत्तेच्या गणितात सहज शिकवता येईल. मटक्याचा नऊ पटीचा हिशेब त्याला पुरेसा आहे.

२०२५ आणि त्यानंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. इतिहासाच्या नजरेतून त्यात दोन बदल ठळक आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळात नशीब की कौशल्य हा भेदच या कायद्यानं बाजूला ठेवला. आणि शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला ठेवली: असा खेळ चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. उद्देशात तरुणांचा वेगळा उल्लेखही आहे. चिथावणारा गुन्हेगार, ही १९४८ ची दिशा इतक्या वर्षांनी परत दिसते.

पण बंदी आली म्हणजे खेळ थांबला असं या दीडशे वर्षांत एकदाही झालेलं नाही. पन्हळ गेली, आकडा आला. तार थांबली, मडकं आलं. परदेशातून चालणारी अॅप्स आणि टेलिग्रामवरचे ग्रुप यांना अधिवेशनाच्या तारखा माहीत नसतात. म्हणून 'कोण?' हा प्रश्न घरानं, शाळेनं आणि गावानंही विचारायला हवा.

नगर जिल्ह्याला हे नवीन नाही. राळेगणसिद्धीत आणि हिवरे बाजारात दारूबंदी झाली ती गावातल्या तरुणांना हाताशी धरून. हिवरे बाजारात १९८९ नंतर जे काम उभं राहिलं त्यात शाळा अगदी सुरुवातीला होती, हे विसरलं जातं. राळेगणच्या गोष्टीत खांबाला बांधून मारण्याचे प्रकारही आहेत आणि त्यावर झालेली टीका रास्त आहे. जुगारात अडकलेल्या मुलाला मार बसला तर तो पुढचं देणं आणखी खोल लपवतो, एवढंच होतं. देणं लपवणं हाच या सगळ्यातला सगळ्यात धोकादायक टप्पा आहे. मुलं घर सोडतात, जीव देतात ती रकमेपेक्षा बिंग फुटण्याच्या भीतीनं.

म्हणून एक साधी कायदेशीर गोष्ट प्रत्येक आईबापाला माहीत असावी. अठराच्या आतल्या मुलानं केलेला करार कायद्यानं मुळातच रद्दबातल असतो. हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं आणि आजही तेच चालतं. पैजेचं देणंही वसूल करता येत नाही. म्हणजे दहावीतल्या पोरानं जुगारासाठी उचललेल्या पैशापायी कुणी दारात येऊन धमकावत असेल, तर गुन्हा धमकावणाऱ्याचा आहे. पोलिसांकडे जाता येतं. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० वर, मुलाच्या मदतीसाठी १०९८ वर, आणि मन खचलं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करता येतो.

हरिपाळदेवाच्या बापानं रक्कम भरली. कमळाइसेनं दागिने दिले नाहीत. कुणाचं बरोबर, यावर आठवीच्या वर्गात चर्चा घेऊन पाहा. उत्तर कुठलंही येवो, पण त्या चर्चेत मुलं स्वतःच्या घराबद्दल बोलायला लागतील, आणि एखादा जण अजून न सांगितलेली रक्कम सांगेल. ती वेळेवर कळणं हे कुठल्याही छाप्यापेक्षा मोठं काम आहे.

पुढच्या पोस्टमध्ये शब्दकोड्यांच्या खटल्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे. शिक्षक मंडळींनी वर्गातले अनुभव खाली जरूर लिहावेत, मुलांची नावं न घेता.